सारवण

गोल मी पाहिलेलेच नाहीत.
माझी जागा बर्फाच्या मशीनवर, कोपऱ्यातल्या दाराआड.
तिथून दिसतात काचेला टेकलेल्या चार पाठी
आणि लाल दिवा लागला की छतावर पडलेली त्याची लाली.
पण दर वीस मिनिटांनी दार उघडतं,
आणि त्यांनी लिहिलेलं सगळं
मला पुसायला मिळतं.

ऑक्टोबरात बर्फ जवळजवळ कोराच परत यायचा.
आमच्या गोलसमोर तेवढी खरवड,
बाकी लांबच लांब, आळशी रेघा,
कुठे पोचायचंच नाही अशा माणसांच्या.
सलग नऊ पराभव.
उइत्तो हे नाव नदीतून ओंडके हाकणाऱ्यांचं.
दुकानातली हेर्ता म्हणाली, यंदा ओंडकेच खेळायला उतरवलेत.
कागदाची गिरणी बंद पडून चार वर्षं झाली होती;
हाल्लाकोस्कीत हरण्यासाठी कुणाला संघाची गरज नव्हती.

डिसेंबरात लॅटवियाहून मिएर्वाल्दिस आला.
गोलकीपर. पाठ दुखरी, तोंड बंद.
मी साठ अंशांचं पाणी सोडून आरसा करावा
आणि याने येऊन निळ्या अर्धवर्तुळात
डावा पाय, उजवा पाय, डावा पाय
घासत सगळं खरबरीत करून ठेवावं.
एकदा मी रागावले.
मोडक्या फिनिशमध्ये म्हणाला,
"बर्फ तुझा. खोली माझी."
मोसमभरात आमचं बोलणं एवढंच.

जानेवारीत अक्षर बदललं.
कोपऱ्यांत खोल, आखूड वार,
एका पकसाठी तिघं झोंबल्यावर पडतात तसे.
मधल्या रेषेपाशी चंद्रकोरी:
कुणीतरी वळून मागे धावलं होतं, चक्क मागे!
कॅप्टन हेतेमाकीचा उजवा गुडघा पुरता वळत नाही,
त्याची खूण मी हजारांत ओळखते:
एक बाक, बोटभर सरळ ओढ, पुन्हा बाक.
ती आता दोन्ही गोलांसमोर सापडायला लागली.

काठावर आठवे आलो,
तेही तिकडे दुसरंच कुणी हरलं म्हणून.
मग दक्षिणेचा तो श्रीमंत संघ, ज्यांच्या बसमध्येसुद्धा सौना आहे म्हणतात.
सहावा सामना आमच्याकडे. बरोबरी. जादा वेळ. पुन्हा जादा वेळ.
रात्री पाऊण वाजता मी चौथ्यांदा पाणी भरलं,
कॉफी संपली होती, सॉसेज संपले होते,
पोरं बापांच्या कोटात झोपली होती
आणि घरी कुणीही गेलं नव्हतं.
छत लाल झालं.
कुठल्या बाजूचं, ते मला
मशीनचा पत्रा थरथरला तेव्हा कळलं.
सातवा सामना परगावी. तो मी रिकाम्या रिंकवर रेडिओवर ऐकला,
बॅटरी चार्जिंगला लावून, एकटीच उभी राहून.
जिंकलो. टाळ्या वाजवल्या, तर त्या छतावर आपटून माझ्याकडेच परत आल्या.

उपांत्य फेरीत मात्र पाचच सामने लागले.
शेवटचा आमच्या घरी, जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला.
या वेळी पत्रा थरथरला नाही.

लोक गेल्यावर मी मशीन न काढता बुटांनीच आत गेले.
आमच्या निळ्या रेषेपासून एक खूण निघाली होती,
बाक, ओढ, बाक,
नंतर बाक नाहीच, नुसती ओढ,
वळायलाही वेळ न घेता सरळ मागे,
आणि खरबरीत खोलीच्या दारात, वीतभर अलीकडे
गुडघ्याचा, हाताचा, काठीचा एकच मोठा फराटा.
त्या फराट्यापलीकडे, बर्फात रुतलेला,
हातमोज्याचा एक निळा धागा.

सकाळी आठला शाळेची पोरं येणार होती.
टाकी भरली. कडेने दोन फेऱ्या मारल्या.
तिसरीला तिथे आले
आणि पाणी बंद केलं.
थोड्या वेळाने
सुरू केलं.